कागदाचा बैल आणि खरं दावं

लग्नाच्या शूटिंगमध्ये किस्से ढिगाने जमतात, पण सांगायची सोय नसते. गिऱ्हाईक सगळं जवळपासचंच. नवरदेव बोहल्यावर उभ्या उभ्या झोपला होता हे मी इथे आटगावात बोललो, तर संध्याकाळपर्यंत ते किन्हवलीला पोचतं आणि पुढच्या सीझनला त्या भावकीतली चार लग्नं दुसऱ्या कॅमेऱ्याकडे जातात. वीस वर्षं तोंड दाबून बसलोय. माझ्या ॲसिडिटीचं खरं कारण तेच आहे असं बायको म्हणते.

आमच्या फिल्मचे किस्से मात्र बिनधास्त सांगता येतात, कारण तिचा हिरो कागदावर काढलेला बैल आहे. तो काही भांडायला येत नाही. बाकीचे येतील, पण त्यांच्याशी माझं रोजचंच आहे.

माणसं आधी सांगून टाकतो. मनीषा मॅडम किन्हवलीच्या पुढे एका आश्रमशाळेत चित्रकला शिकवतात. फिल्म त्यांची. मी विलास, कॅमेरा माझा. संजू माझा पार्टनर, दुकानात कॉम्प्युटरवर एडिटिंग करतो, दोन पोरांचा बाप आहे पण अक्कल अजून यायचीय. आणि चिंतूबाबा, वय सत्तरच्या पुढे, शेतकरी, आमचे एकमेव हाडामांसाचे ॲक्टर. बाबांच्या घरी त्यांची बायको, यशोदाकाकी. त्या फिल्ममध्ये नाहीत, पण त्यांच्याशिवाय एकही शूटिंग पार पडलेलं नाही.

फिल्म अशी, की माणूस खरा, गाव खरं, रस्ता खरा, फक्त बैल हाताने काढलेला. आधी आम्ही बाबांना एकट्यालाच शूट करायचं, मग मॅडम खाली ट्यूबलाइट लावलेल्या काचेवर कागद ठेवून त्यात बैल भरणार. सेकंदाला बारा चित्रं. म्हणजे बैलाने नुसती शेपटी हलवली तरी मॅडमची रविवारची सुट्टी संपली.

*

बाबा कसे मिळाले ते ऐका. चार वर्षांपूर्वी त्यांच्या जोडीतला एक बैल साप चावून मेला. उरला तो बांड्या, अंगावर पांढरे पट्टे असलेला. एकटा बैल नांगराला चालत नाही. मुलाने पॉवर टिलर आणला आणि बापाला म्हणाला, म्हशाच्या जत्रेतल्या बैलबाजारात नेऊन विकून या. बाबा गेले, विकून आले आणि त्यानंतर म्हशाच्या जत्रेला पाऊल टाकलं नाही. जत्रा काय लांब नाही हो, आमच्याकडे आजारी माणूससुद्धा टेम्पोत बसून जातो. बाबा जात नाहीत.

मॅडमना हे शाळेतल्या कोणीतरी सांगितलं. त्या उठल्या आणि थेट बाबांच्या पडवीत. फिल्मची गोष्ट सांगितली, की एक शेतकरी आहे, त्याचा बैल आहे आणि शेवटी तो बैल बाजारात विकतो. विकला की चित्रातला बैल रेघ रेघ करून पुसला जाणार आणि रिकाम्या जागेकडे बघत माणूस उभा.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "बैल कोंचा?"

"तुमचाच. बांड्या."

"मंग काम करतो. पन विकायचा नाय."

"बाबा, विकला नाही तर गोष्टच नाही."

"नसंल तर नसू दे. एकदा विकलाय मी त्याला. दुसऱ्यांदा नाय विकायचा."

मॅडमना वाटलं, हळूहळू ऐकतील. मला तेव्हाच कळलं होतं की हे म्हातारं ऐकणारं नाही. पण मला कोण विचारतो? शेवटच्या सीनचं नंतर बघू असं ठरलं आणि आम्ही कामाला लागलो. नंतर बघू म्हणून केलेल्या कामाचं काय होतं हे लग्नाच्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

*

पहिल्याच दिवशी लोचा झाला. बाबांना दावं धरून बैलाला रस्त्याने न्यायचं होतं. पण दाव्याच्या पुढे बैलच नाही, तर दावं लोंबतं. संजूने डोकं लढवलं. दाव्यात बांधकामाची तार घातली. मग ते हवेत ताठ राहायला लागलं आणि त्याच्या टोकाला बरोब्बर बैलाच्या मानेएवढा फास.

किन्हवलीच्या नाक्यावर बाबा ते दावं घेऊन रस्ता ओलांडायला निघाले. म्हाताऱ्याची चाल अशी, की मध्येच थांबायचे, मागे वळून "हाऽ, चल" म्हणायचे, पुन्हा दोन पावलं. समोरून शहापूरची एसटी आली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. बाबा पलीकडे पोचले. मी म्हटलं, शॉट झाला. गाडीतली माणसं खिडकीतून माना काढून बघतायत, मागे तीन रिक्षा हॉर्न मारतायत आणि ड्रायव्हर काही गाडी हलवेना.

कंडक्टर म्हणाला, "अरे चल की, गेला ना बाबा."

ड्रायव्हर म्हणाला, "थांब. मागचे पाय जाऊ दे."

*

बाबांच्या नजरेसाठी आम्हाला खूण लागायची. बैलाचा डोळा कुठे आहे ते कळलं पाहिजे, नाहीतर माणूस भलतीकडेच बघतो आणि चित्र भरल्यावर तो आंधळा वाटतो. मॅडमनी सांगितलं, संजू वाकून उभा राहील, बाबा त्याच्या डोळ्यात बघतील.

संजू वाकला. पहिला सीन बैलाला ओढ्यावर धुवायचा. बाबांनी बादली उचलली आणि संजूच्या पाठीवर ओतली. शूटिंग जानेवारीत चालू, सकाळी आठची वेळ. संजू बोंबलला. बाबांनी त्याच्या बरगडीत एक चापट दिली, "हल्लू नको." पेंढ्याचा बोळा घेऊन पाठ घासली. मग खाली बसले आणि त्याच्या पायाचा खूर बघायला गुडघा उचलला. संजू पाण्यात आडवा.

बाबा मॅडमकडे बघून वैतागून म्हणाले, "ह्याला काढा आदी. ह्याच्यामुळं मना बैल दिसत नाय."

तेव्हापासून खूण बंद. आणि गंमत सांगतो, संजू काढल्यावर बाबांची नजर एकदाही चुकली नाही. मी तीन-तीनदा शॉट लावून बघितला. प्रत्येक वेळी त्याच जागी, त्याच उंचीवर.

*

मॅडम अॅनिमेशनचा कोर्स करून आल्यात, मुंबईला जाऊन. त्यांनी बैलाची चाल काढली, बाबा-काकींना शाळेत बोलावून कॉम्प्युटरवर फिरवून दाखवली. बाबांनी दोनदा बघितली, तिसऱ्यांदा बघितली.

"हा बैल नाय."

"मग?"

"हे घोडं हाय. वरातीतलं."

मॅडमचा चेहरा पडला. अठ्ठेचाळीस चित्रं होती ती. बाबांनी समजवायला सुरुवात केली, की आधी मागचा पाय, मग त्याच बाजूचा पुढचा, मग दुसरीकडचा मागचा. मॅडम वहीत लिहून घेतायत, पुसतायत, पुन्हा लिहितायत. शेवटी बाबांचा धीर सुटला. त्यांनी टोपी काढून यशोदाकाकींच्या हातात दिली, शाळेच्या व्हरांड्यात हातापायावर उतरले आणि चालायला लागले. या टोकापासून त्या टोकापर्यंत. वळले, परत आले. मान खाली-वर. सातवीचा वर्ग गणित सोडून खिडकीत.

मी सगळं शूट केलं. मॅडमनी ते कागदाखाली लावून पावलागणिक बैल काढला. काय चाललाय म्हणून सांगू! जिवंत बैल. आम्ही बाबांना मोठ्या स्क्रीनवर दाखवला. बाबा खूश झाले, मग हळूहळू कपाळावर आठी आली.

"बाकी बरा हाय. पन उजव्या पायात लंगडतोय. बांड्या लंगडत नव्हता."

बाबांचा उजवा गुडघा गेली सहा वर्षं दुखतो, तेल लावून लावून काकींचे हात दुखायला लागलेत. सांगणार कोण?

काकी म्हणाल्या, "बांड्या नाय लंगडत तो. तुमी लंगडताव."

*

आता संजूचा पराक्रम. मॅडमनी त्याला पहिल्या बारा मिनिटांची जोडणी करायला दिली. संजूने आयुष्यात लग्नं सोडून काही जोडलेलं नाही. लग्नाच्या व्हिडिओचा आमच्याकडे एकच कायदा आहे, एकही पाहुणा सुटता कामा नये. काकाचा मेहुणा दिसला नाही तर काका पुढची दहा वर्षं बोलत नाही, आणि आमचं बिल चुकतं करायला दुकानात येतो तो नेमका तोच मेहुणा.

चार दिवसांनी संजूने जोडणी आणली. बाबा चालतायत. मध्येच चहावाला, दोन सेकंद. बाबा पुन्हा चालतायत. मग पानटपरीवरचे पाच जण, प्रत्येकी दोन सेकंद. एसटीच्या खिडक्या, एकेक करून. ओढ्यावर कपडे धुणाऱ्या बाया, डावीकडून उजवीकडे. बैल यायचा होता तिथे गुलाबाच्या पाकळ्या पडल्या, पडदा फाकला आणि बांड्या स्लो मोशनमध्ये आत आला. नवरदेवाची एंट्री!

मॅडम डोक्याला हात लावून बसल्या. "संजू, ही सगळी माणसं कशाला?"

"मॅडम, त्यांना गावात राहायचंय. मला पण राहायचंय."

मॅडमनी पाकळ्या काढल्या, पडदा काढला. माणसं काढायला बसल्या आणि एकेक चेहरा बघत राहिल्या. चहावाला नसलेल्या बैलाकडे कसा बघतो, ती कपडे धुणारी बाई हात थांबवून कशी बघते. अर्धी माणसं तशीच ठेवली. संजू तेव्हापासून स्वतःला डायरेक्टर समजतो.

*

अर्धी फिल्म झाली तेव्हा लोकांना दाखवायचं ठरलं. जागा आमच्या वाड्यातल्या बुद्धविहाराचा हॉल. माझ्या आईने खुर्च्या पुसल्या, समोर पांढरी चादर ताणली. दीडशे माणूस आलं. आमच्या वाड्यातले, पलीकडच्या आळीतले, कातकरी वस्तीवरचे, सगळे. फिल्म सोळा मिनिटं.

संपल्यावर मॅडम उभ्या राहिल्या. "काही विचारायचंय का?"

एक म्हातारा म्हणाला, "बैल रंगवलाय ते झ्याक. पन मानूस का नाय रंगवला? रंग संपला काय?"

लोक हसले. मॅडमनी शिकवतात तसं समजावून सांगितलं. जे आता आपल्याजवळ आहे ते खरं दाखवायचं. जे होतं आणि आता नाही ते चितारायचं. दोन्ही एकाच चित्रात आलं की बघणाऱ्याला कळतं, आपलं काय गेलंय. छान बोलल्या. माझ्या आईचे डोळे भरले.

तेवढ्यात मागून एक बाई उठली. ती रोज दीड किलोमीटरवरून हंडा आणते. आमच्या तालुक्यात धरणं किती आहेत आणि त्यांचं पाणी कुठल्या शहराला जातं ते मी सांगायची गरज नाही.

ती म्हणाली, "मॅडम, जे नाय ते चितारता ना? मंग आमच्या नळाला पानी काढून द्या. नळ खराच हाय."

*

आता शेवटचा सीन. तो रोज आमच्या छातीवर बसलेला. बाकी सगळी फिल्म तयार झाली, मॅडमनी वर्षभरात हजारो बैल काढले, बोटाला घट्टा पडला, पण बाजाराचा सीन होईना. मॅडम दर आठवड्याला पडवीत जायच्या. बाबा चहा पाजायचे, फिल्मचं कौतुक करायचे आणि बाजाराचं नाव काढलं की उठून पेंढा सारखा करायला जायचे. घरात जनावर नाही, पेंढा कशाचा सारखा करतायत देव जाणे.

एकदा मॅडम चिडल्या. "बाबा, तो खरा बैल नाही. मी काढलाय त्याला."

"तुमी काडलाव म्हनूनच सांगतो. तुमीच खोडनार."

मॅडम रडकुंडीला आल्या. फिल्म एका फेस्टिव्हलला पाठवायची होती, तारीख जवळ आलेली. त्याहून मोठं म्हणजे, शेवट नसलेली फिल्म कोणाला दाखवणार? मी म्हटलं, दुसरा म्हातारा घेऊ, पाठमोरा दाखवू. मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

शेवटी काकी मध्ये पडल्या. आमच्यासमोरच नवऱ्याला म्हणाल्या, "माज्या ऑपरेशनला डोळ्यातून टिपूस काडला नाय तुमी. त्या बैलाला रोज रडताव. रडा. पन त्या पोरीचं काम आडवून ठेवू नका. तिनं वरीसभर त्याला दाना घातलाय, तुमी काय घातलं?"

बाबा उठून पेंढ्याकडे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच आटगावला दुकानात आले. उभ्यानेच म्हणाले, "म्हशाला कदी जायचं ते सांगा. म्याडमचं काम अडू नये." आणि पाणीसुद्धा न पिता परत गेले.

*

म्हशाची जत्रा. कशी असते ते बघायलाच पाहिजे. देवाकडे एक रांग, घोंगड्यांकडे दुसरी, भांड्यांकडे तिसरी आणि पलीकडे माळावर बैलच बैल. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरं. आम्ही दुपारी बाराच्या सुमाराला माळावर पोचलो. बाबा चार वर्षांनी तिथे आले होते. टेम्पोतून उतरले, इकडेतिकडे बघितलं नाही, सरळ एका बाभळीखाली जाऊन दावं धरून उभे राहिले. नंतर काकींनी सांगितलं, चार वर्षांपूर्वीची जागा तीच.

व्यापारी संजू होणार होता. फेटा बांधला, मिशा चिकटवल्या. बैलबाजारातला रिवाज असा, की भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातावर उपरणं टाकायचं आणि आत बोटं धरून आकडा सांगायचा. बाहेर कोणाला काही कळत नाही. दुसरा रिवाज म्हणजे, बैल विकला तरी दावं विकत नाहीत. विकणारा आपलं दावं सोडून घरी नेतो, घेणारा स्वतःचं बांधतो. दावं गेलं तर गोठ्याची बरकत जाते म्हणतात.

मॅडम म्हणाल्या, चला. संजूने उपरणं टाकलं. दोन मिनिटं दोघं तसेच. मग बाबांनी हात काढून घेतला.

"ह्याला बोटंच कळत नाय. नुसतं माजं बोट पिळतोय."

पुन्हा केलं. पुन्हा तेच. संजूची एक मिशी सुटली. भोवती गर्दी जमली, लोक हसायला लागले. बाबांचा चेहरा उतरला. मी मनात म्हटलं, झालं, आता हे म्हातारं टेम्पोत जाऊन बसणार आणि फिल्म खड्ड्यात.

शेजारी एक घाटावरचा व्यापारी चहा पीत बघत होता. खरा व्यापारी. पन्नाशीचा, गळ्यात उपरणं, काखेत नवीन दाव्यांची जुडी. त्याने ग्लास खाली ठेवला, संजूला खांद्याला धरून बाजूला केलं. "सरक. तुला नाय जमायचं."

मी कॅमेरा बंद केला नाही.

व्यापारी बैलाच्या भोवती फिरला. म्हणजे जिथे बैल असायला हवा तिथे. वाकून खूर बघितले. पुढे येऊन हवेतच जबडा फाकून दात बघितले. "जुळलाय की." म्हणजे दात पुरे आलेले, वय झालेलं.

बाबा म्हणाले, "जुना हाय. पन कामाला कदी नाय म्हनला नाय."

"मारतो का?"

"माज्या घरात ल्हान पोरं त्याच्या पोटाखालनं जायची."

व्यापाऱ्याने उपरणं टाकलं. आत दोघांचे हात. माळावर एवढा कल्ला, भोंगे, घुंगरं, पण आमच्या भोवतालची माणसं गप्प झाली. व्यापारी बाबांच्या तोंडाकडे बघतोय, बाबा खाली मातीकडे. मान नाही म्हणून हलली. पुन्हा हात. पुन्हा नाही. असं चार-पाच वेळा झालं. बाबांच्या गालावरून पाणी यायला लागलं, त्यांनी पुसलं नाही, हात उपरण्यात होता. मग एकदम त्यांनी मान हलवली. हो.

बाबांनी दाव्याची गाठ सोडली. ते तारेचं ताठ दावं गुंडाळायला त्रास देत होतं, तरी गुंडाळलं आणि खांद्यावर टाकलं. व्यापाऱ्याने जुडीतलं एक नवं दावं काढलं, हवेत गाठ मारली आणि निघाला. त्याच्या दाव्यात तार नव्हती, ते जमिनीवर लोळत गेलं. गर्दीने वाट दिली. तो बैलांच्या रांगांमध्ये दिसेनासा झाला.

मॅडम "कट" म्हणायच्या विसरल्या. मी आपणहून बंद केला. सीन मिळाला होता. असा सीन मी वीस वर्षांत घेतला नव्हता. संजूने मला मिठी मारली, मॅडम तिथेच मातीत बसल्या आणि बाबांचे पाय धरून माफी मागायला लागल्या. बाबा म्हणाले, "रडू नको गो. तुजं काम झालं ना." आणि बाभळीला टेकून बसले.

आम्ही सामान आवरलं. कॅमेरा बॅगेत, ट्रायपॉड टेम्पोत. तासभर गेला असेल. बाबा तिथेच बसलेले, काकींनी आणलेली भाकरी तशीच पुढ्यात. मॅडम मला हळूच म्हणत होत्या, की मी आता बैल पुसू कसा.

तेवढ्यात तो व्यापारी परत आला. एकटाच. आमच्याकडे ढुंकून बघितलं नाही, सरळ बाबांसमोर गेला. त्याचं दावं आता लोळत नव्हतं. त्याने ते फासाच्या जरा वर, बैलाच्या मानेएवढ्या उंचीवर मुठीत घट्ट धरलं होतं.

"बाबा," तो म्हणाला, "बैल परत आणलाय. गाडीत चढत नाय. सारखा मागं बघतोय. मला नको."

बाबांनी वर बघितलं. त्याच्याकडे नाही, त्याच्या दाव्याच्या टोकाकडे.

"घरी पन आसंच करायचा," ते म्हणाले.

मग उठले, खांद्यावरचं आपलं दावं काढलं, गाठ मारली, ओढून बघितली. आणि व्यापाऱ्याला म्हणाले, "आता तुजं सोड."